शेवटचा बाहेर

१

आमच्या खाणीत दुपारी दोनला सुरुंग उडतो. सुट्टी सोडून रोज. आसपासची माणसं त्यावर घड्याळ लावतात आणि माझ्यासारखे रिकामटेकडे त्यावर दुपारची झोप लावतात.

सुरुंग उडण्याआधी सगळ्यांनी वर यायचं असतं. खाण जमिनीच्या पोटात आहे. आत जायला एकच उतरता रस्ता, दोन किलोमीटरचा, आणि त्याच्या टोकाला दगडाची भिंत, जिच्यात रोज भोकं पाडून दारू भरतात. वर, खाणीच्या तोंडाशी, बिल्लेवाला बसतो. आत जाताना फळीवरचा आपला पितळी बिल्ला काढून खिशात घालायचा, बाहेर आल्यावर परत टांगायचा. सगळ्यात शेवटी एक छोटी पिवळी गाडी येते. तिला शेपूट म्हणतात. शेपटानं तळापासून निघताना वायरलेसवर म्हणायचं, ‘शेवटचा आत.’ मग येता येता प्रत्येक कोनाडा बघायचा, कुणी मागं राहिलं असेल तर उचलून आणायचं, आणि तोंडाबाहेर आल्यावर म्हणायचं, ‘शेवटचा बाहेर.’

हे दोन शब्द ऐकले की टेकडीच्या पलीकडच्या खोलीत बसलेलं माणूस बटण दाबतं. त्या खोलीतून खाणीचं तोंड दिसत नाही. जे काय आहे ते कानावर.

शेपूट म्हणजे माझा जावई. बटण म्हणजे माझी थोरली लेक. नवऱ्याला चारचौघांत ‘शेपूट, बोल’ म्हणायची सोय फार थोड्या बायकांना मिळते. ती पुरेपूर घेते.

मी वायरलेसचा मिस्त्री. शाळा सातवीपर्यंत, पुढं मास्तर आणि मी एकमेकांना कंटाळलो. खाणीतला रिपीटर मीच बसवला, अकरा वर्षांपूर्वी. नोकरी सुटून तीन वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी थोरली घरी आली, चपला न काढता दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आबा, माझ्याबरोबर खाणीवर चला.”

“का? तुझ्या शेपटाला गाठ पडली का?”

ती हसली नाही. माझ्या लेकी माझ्या विनोदांना सहसा हसत नाहीत, पण निदान तोंड तरी वाकडं करतात. तिनं तेही केलं नाही.

“काल ह्यांचा आवाज आला, ‘शेवटचा बाहेर.’ मी झाकण उघडलं. बोट बटणावर ठेवलं. मग मनात आलं, ‘शेवटचा’ आणि ‘बाहेर’मध्ये एवढी खरखर कसली? म्हणून परत विचारलं. आबा, हे तळाशीच होते. हे म्हणाले होते, ‘शेवटचा अजून आत, गाडी चालू होत नाही, बाहेर यायला वेळ लागेल.’ मधलं सगळं रिपीटरनं गिळलं.”

मी चपला शोधायला लागलो.

२

रिपीटर म्हणजे मधला माणूस. तळातला आवाज वरपर्यंत पोचत नाही, दगड अडवतो. म्हणून मध्ये एक पेटी ठेवायची, जी एका कानानं ऐकते आणि त्याच क्षणी दुसऱ्या तोंडानं मोठ्यानं सांगते. तिला अक्कल नसते. ऐकलं ते बोलली. आमच्या धाकटीसारखी.

आमची पेटी उताराच्या मध्यावर, दगडात कोरलेल्या एका खोलीत आहे. तिच्यातून दोन केबली निघतात, एक वर तोंडापर्यंत, एक खाली तळापर्यंत. ह्या केबलींना मुद्दाम बारीक चिरा ठेवलेल्या असतात, त्यांतून आवाज पाझरतो आणि आत शिरतो. छताला टांगलेला दोन किलोमीटरचा कान समजा.

जावई मला पिवळ्या गाडीतून घेऊन निघाला. हा माणूस असा सरळ की ह्याची गंमत करायलाही लाज वाटते. लग्नानंतर मी ह्याच्या बुटांत साबण ठेवला होता, तर हा म्हणाला, “आबा, तुमचा साबण चुकून माझ्या बुटात आला,” आणि धुऊन परत दिला.

गाडीचे दिवे दगडावरून सरकत होते. छतातून पाणी ठिबकत होतं. एका वळणावर त्यानं वेग कमी केला. मग म्हणाला, “आबा, शेपूट म्हणजे सगळ्यात मागचा, बरोबर?”

“शेपटाच्या मागं काही असतं असं मी तरी कुठल्या जनावरात पाहिलं नाही.”

“मला मागं दिवे दिसतात.”

मी त्याच्याकडं बघितलं. हा माणूस थापा मारत नाही. त्याला जमतच नाहीत.

“टोपीवरचे दिवे. खाली, अंधारात. मी गाडी थांबवतो, उतरून हाक मारतो, तर काही नाही. बिल्ले सगळे फळीवर. तीन महिने झाले. पहिल्यांदा अगदी तळाच्या वळणाला दिसले होते. आता पंपाच्या कोनाड्याजवळ दिसतात.”

“पाण्यात तुझेच दिवे चमकत असतील.”

“असतील,” तो म्हणाला. “तिला सांगू नका.”

“रिपीटर कधीपासून बिघडलाय?”

त्यानं जरा विचार केला. “तीन महिने.”

३

खोली होती तशीच होती. लोखंडी दार, दाराला हातभर जाळीची खिडकी, एक स्टूल, भिंतीवर तारेचा फोन, जो फक्त लेकीच्या बटणखोलीशी जोडलेला, आणि पेटी. पेटीवर दोन दिवे. हिरवा लागला म्हणजे ऐकतेय, लाल लागला म्हणजे बोलतेय. मी पेटीवर थाप मारली. म्हाताऱ्या मित्राला मारतो तशी.

जावई तळाकडं गेला. मी कामाला लागलो.

बिघाड शोधायची माझी एक रीत आहे. आधी वाट्टेल तो मूर्खपणा तपासायचा, मग शहाणपणा. शिकलेली माणसं उलटं करतात, म्हणून त्यांना उशीर लागतो. नवा साहेब महिनाभर कागदावर वक्र रेषा काढत होता. मी आधी वीज बघितली, ठीक. केबलींचे जोड उघडले. एकात ओल होती, पुसली, वाळवली, परत आवळला. पेटीचा बोलण्याचा जोर मोजला, बरोबर. ऐकण्याचा कान मोजला. नव्या पेटीसारखा.

हातातल्या सेटवरून वर विचारलं, “बटण, आवाज कसा?”

“पाचपैकी दोन,” थोरली म्हणाली. म्हणजे मला ऐकू आलं, “पा… दोन.”

पेटी चांगली, केबल चांगली, सेट चांगले, आणि आवाज पाचपैकी दोन. मी स्टुलावर बसून पेटीकडं बघत राहिलो. तेव्हा ते दिसलं. कुणीही बोलत नव्हतं आणि हिरवा दिवा मिणमिणत होता. त्याच्याबरोबर लालही.

मला हायसं वाटलं. हे दुखणं सगळ्या मिस्त्र्यांना माहीत असतं. कुणीतरी आपल्या सेटच्या बटणावर बसलेलं असतं. सेट खिशात असतो, खिसा ढुंगणाखाली असतो, आणि तो गृहस्थ चार तास सगळ्या जगाला आपल्या पोटातली गुरगुर ऐकवत असतो. त्या गुरगुरीत बाकीच्यांचे शब्द बुडतात.

मी फोन फिरवला. “पोरी, आतली माणसं वर बोलाव, सगळे सेट बिल्लेवाल्याच्या टेबलावर गोळा कर आणि बॅटऱ्या काढ.”

“सगळे? ह्यांचापण?”

“शेपूट वर आलंय का?”

“आत्ताच आले, दारूवाल्यांना घेऊन परत जायचेत.”

“मग त्याचापण. तुझापण. मुख्य म्हणजे बिल्लेवाल्याचा. त्याची बैठक मोठी आहे.”

दहा मिनिटांनी फोन वाजला. “सात सेट, सात बॅटऱ्या. बिल्लेवाले काका म्हणतात, तुमच्या बैठकीबद्दल ते नंतर बोलतील.”

माझा स्वतःचा आठवा. त्याचीही बॅटरी काढून मी मांडीवर ठेवली.

खाणीत आता एकही सेट जिवंत नव्हता. हिरवा दिवा मिणमिणत होता.

४

मी मनाशी म्हटलं, पंप. पंपाच्या मोटारी ठिणग्या टाकतात, त्यांचा त्रास होतो. फोन करून पंप बंद करायला लावले. मग हवेचे पंखे. खाणीत पंखे बंद झाले की जी शांतता होते, ती बाहेरच्या माणसाला सांगून कळायची नाही. कानात आपलंच रक्त ऐकू येतं.

दिवा मिणमिणत होता.

मी वरची केबल सोडवली. दिवा तसाच. ती परत जोडली आणि खालची सोडवली. दिवा विझला. जोडली, लागला. म्हणजे जे काय होतं ते खाली होतं, खोलीपासून तळापर्यंतच्या एक किलोमीटरात. तिथं त्या वेळी उंदीरसुद्धा नव्हता.

पेटीला माझा काट्याचा मीटर लावला. सिग्नल जितका जवळ किंवा जितका जोरकस, तितका काटा वर. काटा दुसऱ्या रेघेच्या जरा अलीकडं होता. मी चष्मा पुसला, खिशातला चणा-फुटाणा खाल्ला, आणि वाट बघितली. साडेअकराला काटा दुसऱ्या रेघेवर होता. बारा वाजता तिच्या जरासा पलीकडं.

मोटार असती तर एका जागी राहिली असती. हे चालत होतं.

असं कुणी चालत नाही, हेही मी स्वतःला सांगितलं. अर्ध्या तासात पाच-दहा पावलं. तापमानानं काटा सरकतो, मीटर जुना आहे, माझे डोळे त्याहून जुने. मी प्रत्येक कारण नीट उभं करून बघितलं. एकही पायांवर उभं राहिना.

शेवटी मी तेच केलं जे पहिल्यांदा करायला हवं होतं आणि जे मी टाळत होतो. पेटीचा छोटा स्पीकर चालू केला.

आधी नुसती सळसळ. मग सळसळीखाली काहीतरी घासल्याचा आवाज. खडीवरून बूट ओढल्यासारखा. थांबला. परत घासला. दोन बूट नव्हते, पुष्कळ होते. सगळे एकदम थांबत, जसं एकासाठी बाकीचे थांबतात.

मग कुणीतरी बोललं. नाकातून, तोंडावर कापड धरल्यासारखं.

“हळू येतोय.”

मी स्पीकर बंद केला.

तो आवाज मी ओळखला होता. माझा होता.

५

आता सांगतो. अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

रिपीटर बसवला त्या दिवसाची गोष्ट. नवी पेटी, नवे सेट, सगळे पोरांसारखे खूश. तेव्हा शेपूट होता एक म्हातारा मुकादम. पायानं अधू, रागानं लाल, आणि माझ्या गमतींचं आवडतं गिऱ्हाईक. दोनला पाच कमी असताना तो बाहेर आला, सेटवर म्हणाला, “शेवटचा बाहेर.” मी हवेच्या यंत्राच्या शेडमागं उभा होतो. हातात सेट. मला राहवलं नाही.

सेटवर रुमाल धरला, नाकात बोललो. “शेवटचा आत. आम्ही सहाजण आहोत. एकाला बरं नाही. हळू येतोय.”

जी धावपळ उडाली! बटणावरचा तेव्हाचा माणूस खुर्चीतून उठला तो बसेना. बिल्ले मोजले, सगळे फळीवर. परत मोजले. मुकादम त्या अधू पायानं गाडी घेऊन तळापर्यंत गेला, हाका मारत. वर आला. परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि मी शेडमागं पोट धरून बसलो होतो. खरं सांगतो, इतका मी कधी हसलो नाही.

अडीचला तेव्हाचे साहेब म्हणाले, “बिल्ले पूर्ण आहेत. उडवा.”

उडवला.

मला त्या वेळी मनात आलं होतं, बिचारे सहाजण. आणि परत हसू फुटलं होतं.

मी त्यांना आत घातलं, एकाला आजारी पाडलं, हळू चालायला लावलं. बाहेर काढायचं राहून गेलं. त्यांच्यासाठी ‘शेवटचा बाहेर’ मी नाही म्हटलं, कुणीच नाही म्हटलं. म्हणणार तरी कोण? ती माणसं नव्हतीच.

६

मीटर, पक्कड, पेचकस मी पिशवीत भरले. वर जाऊन साहेबाला सांगणार होतो की आज सुरुंग नको. कारण काय सांगायचं ते वाटेत सुचलं असतं. थाप मला अडली आहे असं आजवर झालं नाही.

पण पंखे चालू झाले, पंप चालू झाले, सेटमध्ये बॅटऱ्या गेल्या, माणसं खाली उतरली, आणि वेळ होताच खोलीच्या खिडकीसमोरून परत वर जायला लागली. पहिली गाडी, दुसरी गाडी, दारूवाले. भिंतीत दारू भरून झाली होती. दोनला वीस कमी. मला शेपटाबरोबरच वर जायचं होतं, तसा नियम होता. मी थांबलो.

जावयाचा आवाज आला, तुटका. “शेवटचा आत.”

लगेच त्याच्यामागं, हिरवा दिवा जोरात पेटून, दुसरा आवाज. “शेवटचा आत.”

मीटर बाहेर काढून लावायची गरज नव्हती. दिवा आता मिणमिणत नव्हता. लखलखत होता.

“आबा,” जावई म्हणाला, “ऐकलंत? म्हणजे… खरंच… माणसं आहेत. पंपाच्या… मला दिसताहेत. सहा दिवे. घेऊन… येतो.”

मी पेटीचाच माइक ओढला. “गाडी वळवू नकोस! वर ये. तिथं कुणी नाही. ती मी केलेली गंमत आहे, अकरा वर्षांपूर्वीची. कुणी नाही तिथं!”

“काय… गंमत? आबा, नीट ऐकू… एक जण बसलाय खाली. त्याला बरं…”

पुढचं खरखरीत गेलं. शेपटानं कुणाला मागं सोडायचं नाही. हा नियम त्यानं केला नव्हता, पण पाळणारा तोच एक होता. तो आता दिव्यांच्या दिशेनं, दारू भरलेल्या भिंतीच्या दिशेनं परत चालला होता, आणि त्याचं बोलणं कुणालाच धड कळत नव्हतं.

फोन वाजला. थोरली.

“आबा, हे काय म्हणाले? मला ‘शेवटचा’ ऐकू आलं, मग ‘येतो’ ऐकू आलं. आणि तुम्ही गंमत-गंमत काय करताय? आज नको आबा. बाकी कधीही करा. आज नको.”

“पोरी, ऐक. आता मी वायरलेसवर ‘शेवटचा बाहेर’ म्हणणार आहे. त्यावर बटण दाबायचं नाही. झाकणच उघडायचं नाही.”

“परत गंमत?” ती म्हणाली.

“ही गंमत नाही.”

“तुमच्या ‘ही गंमत नाही’वर आमचं अख्खं घर कितीदा फसलंय, आबा.” तिचा आवाज बारीक झाला होता. “हे आत आहेत. नियम काय आहे? ते दोन शब्द आले की दाबायचं. मी नाही दाबलं आणि खरे शब्द तेच असले तर? मग पुढच्या वेळी मी कशावर विश्वास ठेवू?”

“खरे शब्द तो स्वतः म्हणेल. त्याच्या आवाजात. मी दुसऱ्याच्या आवाजात म्हणणार आहे.”

“कुणाच्या?”

मी म्हणालो, “तुझ्या आईची शपथ.”

तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या नावानं मी कधी थाप मारलेली नाही. हे थोरलीला ठाऊक होतं.

“झाकणावर हात ठेवून बसते,” ती म्हणाली.

७

खिशातला रुमाल काढला. माइकवर धरला. नाकात बोलायला मुद्दाम वेगळं काही करावं लागलं नाही.

“शेवटचा बाहेर,” मी म्हणालो. “आम्ही सहाजण. बाहेर आलो.”

हिरवा दिवा विझला.

अंगावरचं ओझं कुणीतरी उचलावं तसा. सळसळ नाही, घासणं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती पेटी खरोखर गप्प झाली. मी भिंतीवरच्या फोनला कान लावला. आधी काही नाही. जमीन हादरली नाही. मग थोरलीचा श्वास ऐकू आला.

मग जावयाचा आवाज, शेजारी उभा राहून बोलावा इतका साफ. “आबा, इथं कुणीच नाही. दिवे दिसत होते, गेले. मी वळतोय. शेवटचा आत, वर येतोय.”

“शेपूट,” थोरली म्हणाली, आणि रडायला लागली, सेटचं बटण दाबून ठेवूनच. सगळ्या खाणीनं ऐकलं असेल. “शेपूट, लवकर ये.”

मी दार उघडून उभा राहिलो. थोड्या वेळानं दिवे वळणावर दिसले. गाडी नेहमीपेक्षा सावकाश येत होती. दारासमोर थांबली. जावई एकटाच पुढं बसलेला, घामानं भिजलेला, हसत.

“बसा आबा. हिच्यात काहीतरी बिघाड आहे. चढावर ओढतच नाही.”

मी त्याच्या शेजारी बसलो. मागच्या हौद्यावर ताडपत्री होती, सकाळीही होती. मी मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं, आणि ते ठरवत असताना आरसा समोरच होता. हौद्याची कड आरशात दिसत होती. कडेवर बोटं होती. घट्ट धरलेली, दगडाच्या भुकटीनं पांढरी. किती ते मी मोजलं नाही. एका गचक्यासरशी ताडपत्री जरा उचलली गेली. खाली एक चेहरा होता, नाकापर्यंत कापड बांधलेला. खाणीत धुळीपायी बांधतातच पुष्कळजण. मी आरसा वर ढकलला.

“काय झालं?” जावई म्हणाला.

“डोळ्यावर उजेड येतोय.”

तिथं कसलाही उजेड नव्हता. तो सरळ माणूस. त्यानं मान डोलावली.

८

बाहेर ऊन होतं. बिल्लेवाल्यानं आमच्याकडं बघून हात केला. जावयानं गाडी थांबवली, सेट उचलला. तो बोलायच्या आधी गाडी मागून हलली. स्प्रिंगा जराशा वर आल्या. माणूस उतरला की येतात तशा. मग परत. मग परत. पाचव्यानंतर थोडा वेळ गेला, कुणाला तरी हात देऊन उतरवावं लागतं तेवढा. मग सहाव्यांदा.

जावयानंही ते जाणलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली उतरून मागं गेला. ताडपत्री उचलली. हौदा रिकामा होता. भुकटी सांडलेली होती, ती खाणीच्या गाडीत असतेच.

“स्प्रिंगाच बदलायला हव्यात,” तो म्हणाला. आणि सेट तोंडाशी धरून, “शेवटचा बाहेर.”

“आवाज पाचपैकी पाच,” थोरली म्हणाली.

पायाखालची जमीन एकदा जोरात दचकली. खाणीच्या तोंडातून धूळ आली. दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती. बिल्लेवाला म्हणाला, “आज घड्याळं चुकली सगळ्यांची,” आणि साहेबानं लांबून मला अंगठा दाखवला. दुरुस्त झालं ना. कशानं झालं ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही वहीत लिहून दिलं, जोडात ओल होती.

मी सेट हातात घेऊन टेकडीला वळसा घालून निघालो. थोरलीला समोर बसवून सगळं सांगायचं होतं. पाऊलवाट तीनशे पावलांची. माझ्या गुडघ्यांना ती पुष्कळ झाली. अर्ध्यावर असेन, सेट बोलला.

“आबा, कुठं आहात? तुम्ही कुणाला पाठवलंय का?”

“कोण?”

“दारात माणसं आलीत. सहाजण. नवीन दिसतात. म्हणतात, आबांनी बोलावलं. एकाला बरं नाही, बसायला जागा मागताहेत.” ती आता मोकळी झाली होती, आवाजात हसू होतं. “तोंडं बांधलेली आहेत सगळ्यांची. आत घेऊ?”

मी पळायला लागलो. ह्या वयात, चढावर. पळता पळता बटण दाबून म्हणालो, “नको. पोरी, दार लाव. आत घेऊ नको.”

“पुरे हं आबा,” ती म्हणाली. “एका दिवसात किती?”

तिनं सेटचं बटण सोडलं नाही. मघाच्या धास्तीनं तिचं बोट तिथंच राहिलं असेल. त्यामुळं तिच्या मागचंही सगळं ऐकू येत होतं, शब्दन् शब्द, पाचपैकी पाच. कडी निघाली. बूट घासत आत आले. खुर्ची सरकली, कुणीतरी हळू बसलं. थोरली म्हणाली, “आमच्या आबांचं मनावर घेऊ नका, त्यांचा स्वभावच आहे तसा.”

आणि ते हसले. सहाजण, सावकाश, कापडामागून.

मी त्यांना आवाज दिला होता. आजार दिला होता. हसणं मी दिलं नव्हतं.